चौदा बंड्या

नवलखीच्या मैदानावरून मंगळवारी
शार्दूल पिशवी घेऊन आला
आणि माझ्याकडे न बघता मोरीत शिरला.
चौदा बंड्या. पिवळ्या. म्हणजे कधीकाळी पिवळ्या.

मुकादमसर फोनवर एवढंच म्हणाले होते,
रेषेवरच्या काकांना तो काय बोलला
ते माझ्या तोंडून नको, ताई. त्यालाच विचारा.
दोन मॅच बाहेर.
आणि टीमच्या बंड्या, "हाथे धोवानी, मशीनमां नहीं."

मी विचारलं. ते त्याने सांगितलं नाही.
झेंडा चुकीचा होता, हे मात्र शंभरदा सांगितलं.
असेल. झेंडाही चुकतो.
पण त्या काकांचा गुडघा पाहिलास का रे तू,
पट्टा बांधून साठ मिनिटं उन्हात
रेषेवरून पुढे-मागे पळणारा?

बादली, साबणाची वडी,
बाबांचा स्कूटर पुसायचा ब्रश.
पहिल्या मंगळवारी पाणी तपकिरी
आणि तोंड त्याहून.

दुसऱ्या मंगळवारी आतून आवाज आला,
आई, फैजानची बंडी डाव्या खांद्यावरच विरते,
तो त्याच बाजूने रेटतो ना.
ध्रुविलच्या बंडीला थेपल्यांचा वास.
मग बराच वेळ नुसता नळ.
मग, ही सात नंबरची.
हिला घामच नाही गं.
ही बाकावर बसतो त्याची.

तीही त्याने घासली.
इतरांपेक्षा जरा जास्तच, असं मला वाटलं,
पण मी आई आहे, मला काहीही वाटतं.

मग छोटा उदेपूरची पोरं आली, एसटीने, पहाटे निघून.
त्यांचा शर्ट निळा, आमचा निळा.
रेफरी कपाळाला हात लावून उभा.
शार्दूलने न सांगता पिशवी उघडली,
घडी केलेल्या बंड्या एकेक हातात दिल्या,
कुणाला कुठली मापात बसेल ते बघून.

हे सगळं छान झालं.
पुढचं मी सांगायला नको, पण सांगते.

बरोबरी होती. दोन मिनिटं उरलेली.
हिंमत राठवा चेंडू घेऊन सुटला, एकटा,
पायात वाऱ्याची चाकं,
आणि कुंपणाशी उभी राहून
मी, मी स्वतः, ओरडले,
"धर त्याला!"

पोरगं आईचं ऐकतं कधीतरी.
नेमकं तेव्हा ऐकलं.

बंडी फाटल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.
झेंडा वर गेला. तेच काका, तोच गुडघा.
शार्दूलने त्यांच्याकडे पाहिलं,
हात पाठीमागे बांधले
आणि पिवळं कार्ड खाली मान घालून घेतलं, शाळेतल्या प्रसादासारखं.
त्या फ्रीकिकवर आम्ही हरलो.

शिट्टीनंतर तो हिंमतकडे गेला.
काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.
दोघं फाटका काठ बोटांनी जुळवून बघत होते
जणू असाच चिकटेल.
तेवढ्यात कुणीतरी "बस! बस!" म्हटलं
आणि ती पोरं पळाली, बंड्यांसकट.

सरांनी रिकामी पिशवी झटकली. गेल्या, म्हणाले.

नऊ दिवसांनी डेपोतून फोन आला, पार्सल आहे.
सुतळी सोडली. चौदा.
धुतलेल्या, घड्या घातलेल्या,
आमच्यापेक्षा स्वच्छ, खरं सांगायचं तर.
चिठ्ठी नाही.
मधली एक सात नंबरची,
काखेपासून कमरेपर्यंत लाल दोऱ्याने शिवलेली,
टाके मोठे, घाईचे, कुणा पोरानेच घातलेले.

मी म्हटलं, दे, पिवळ्या दोऱ्याने नीट घालून देते.
तो म्हणाला, नको.

आता शनिवारी ती बंडी तोच घालतो,
बाकावर बसवलं तरीही.
आणि मी कुंपणाशी उभी असते
तोंडात मावतील तेवढे शेंग-चणे कोंबून.